आउटेजनंतरचा पोस्टमॉर्टेम: टाइमलाइनपासून जाहीर अहवालापर्यंत

बंद पडलेली ऑनलाइन सेवा पुन्हा सुरू झाली की कंपनीत सगळ्यांना विषय मिटवायची घाई होते. माझ्या अनुभवात पोस्टमॉर्टेमचं, म्हणजे बिघाड कसा झाला हे शोधून लिहिण्याचं, काम त्याच दिवशी हातात घ्यावं लागतं. लॉग, म्हणजे यंत्रणा आपोआप ठेवते त्या नोंदी, ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातात आणि माणसांच्या आठवणी त्याहून लवकर बदलतात. म्हणून आधी लॉग, अलर्ट, डॅशबोर्डचे आलेख आणि चॅट यांची प्रत काढतो, मगच कुणाशी बोलायला बसतो.

टाइमलाइन एकाच टाइमझोनमध्ये, शक्यतो यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी. तीन वेळा ठळक हव्यात: बिघाड कधी सुरू झाला, कधी कळला, कधी दूर झाला. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर मोठं असेल तर आधी अलर्ट तपासायचे. बिघाड ग्राहकाच्या तक्रारीवरून कळला असेल, तर तेही अहवालात जातं.

मग प्रत्येकाशी वेगवेगळं बोलणं. ‘तुम्ही असं का केलंत?’ विचारलं की समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो. ‘त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं?’ असं विचारलं की माहिती मिळते. कमांड चालवणाऱ्याला ती बरोबरच वाटत होती; का वाटत होती, हे सापडेपर्यंत मी ‘मानवी चूक’ हे कारण स्वीकारत नाही.

यासाठी मी नव्या टीमला गिटलॅब या प्रोग्रामिंगचा कोड साठवणारी सेवा देणाऱ्या कंपनीचा २०१७ मधला अहवाल वाचायला देतो. ३१ जानेवारीला रात्री उशिरा एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. खरा धडा मात्र बॅकअपचा. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअपचं टूल ९.२ चं चालत होतं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. ते कळवणाऱ्या ईमेल डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या) तपासणीत नाकारल्या जात होत्या. अखेर सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत, कामी आला. त्या इंजिनिअरला काढून टाकलं असतं तरी बॅकअप रिकामाच राहिला असता! कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, किती प्रोजेक्ट आणि खाती गमावली याचे अंदाजही दिले.

जाहीर मजकुरावर सगळ्यात जास्त वेळ जातो. लीगल आणि पीआरकडून मसुदा परत येतो तेव्हा ‘काही ग्राहकांची गैरसोय झाली’ असं वाक्य त्यात आलेलं असतं. ते मी बदलून घेतो: ‘अमुक ते अमुक वेळेत साठवलेल्या नोंदी परत मिळणार नाहीत.’ ग्राहकाला पुढचं काम ठरवायला हेच लागतं. लीगलला पहिल्या दिवसापासून सोबत घेतलं तर ही ओढाताण बरीच कमी होते. व्यक्तींची नावं घालायची नाहीत, भूमिका लिहायची. सुरक्षेची त्रुटी असेल तर ती बुजवल्याशिवाय तपशील द्यायचे नाहीत. जे अजून तपासात आहे ते तसं स्पष्ट लिहायचं.

आणखी एक: स्टेटस पेज, म्हणजे सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना दाखवणारं पान, आपल्याच यंत्रणेवर ठेवू नये. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची डेटा साठवण्याची एसथ्री सेवा कोलमडली तेव्हा त्यांचा स्टेटस डॅशबोर्डही तिच्यावरच अवलंबून असल्याने सुमारे दोन तास अपडेट करता आला नाही.

उपायांच्या यादीत ‘यापुढे अधिक काळजी घेऊ’ असलं काही मी ठेवत नाही. ॲमेझॉनने त्या वेळी सर्व्हर सेवेतून काढण्याचं टूलच बदललं: सर्व्हर हळू काढले जातील आणि किमान क्षमतेच्या खाली जाता येणार नाही. असा उपाय तपासता येतो. प्रत्येक उपायापुढे एक जबाबदार माणूस आणि एक तारीख हवी, नोंद रोजच्या कामाच्या बोर्डवरच हवी. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली यादी कुणी उघडत नाही. तारीख उलटली की त्याच जाहीर अहवालाखाली काय झालं, काय राहिलं आणि काय का सोडलं, याची पुरवणी जोडतो. बॅकअपचा उपाय असेल तर बॅकअपमधून डेटा खरंच परत आणून (रिस्टोअर करून) पाहिल्यावरच तो पूर्ण धरतो.