पायाखालचा पत्रा

डिचोली, रविवार रात्र

एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्याने माणसाचा आख्खा दिवस नासावा, याचे मला सकाळपासून आश्चर्य वाटते आहे. वीतभर रुंद, दोन वीत लांब, तेलाच्या डब्यातून कापून काढलेला तो तुकडा आमच्या जुन्या फियाट गाडीच्या तळाला, डाव्या बाजूला, जिथे आई पाय ठेवून बसायची नेमक्या त्या जागी रिव्हेट मारून बसवलेला आहे. मेस्त्री म्हणतात, तो काढायला हवा. ते म्हणतात ते बरोबर आहे, आणि त्यांनी सांगण्याआधीच ते मला दिसलेही होते. तरी मी त्यांना म्हटले, आज नको, पुढच्या रविवारी पाहू. त्यांनी वाद घातला नाही. चहा घेतला, ग्राइंडर पिशवीत भरला आणि गेले. तेव्हापासून मी स्वतःलाच विचारते आहे की मला नेमके काय झाले.

जुन्या वस्तूंचा मोह हे याचे उत्तर नव्हे. तसा मोह असता तर ही गाडी मी दुरुस्तीला घेतलीच नसती, कारण दुरुस्ती म्हणजे निम्म्याहून अधिक जुने काढून टाकणेच असते. चवथ झाल्यावर मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, इंजिनाचे काम सुरू झाले, तेव्हा डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर बसवला आणि डायनॅमो भंगारात गेला. मला काहीही वाटले नाही. डिस्ट्रिब्युटरमधले कॉन्टॅक्ट पॉइंट गेले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. हेडलाइटचा सगळा प्रवाह पूर्वी डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा, आता रिले बसवल्यामुळे दिवे खरोखर दिव्यासारखे लागतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते, आणि जुने रबर त्यात फुगते, मऊ पडते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतला. दादा फोनवर म्हणाला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवून घे. ते मी अजून ठरवलेले नाही. १०८९ सीसीचे ते लहानसे इंजिन पहिल्यांदा सलग चालले, तेव्हा मला निखळ आनंद झाला होता. त्या आनंदात गेलेल्या वस्तूंची आठवणसुद्धा आली नव्हती.

मग हा तुकडाच का?

तळाचे काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि वरचा सांगाडा मिळूनच गाडी उभी राहते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच वेळी कापल्या तर मधला भाग खाली बसतो आणि पुढे जन्मभर दारे नीट लागत नाहीत. एक बाजू कापायची, दार जागेवर लावून फट तपासायची, आतून आधार द्यायचा, वेल्डिंग पुरे करायचे आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा, अशी ती रीत आहे. आज सकाळी डाव्या पट्टीला मेस्त्रींनी खालून छेद दिला, तेव्हा आतून लाल भुकटी ओतल्यासारखी खाली आली. फरशीवर चांगला ओंजळभर ढीग झाला. मेस्त्री म्हणाले, गंज. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली, तेव्हा मला तो रंग ओळखीचा वाटला. आमच्या रस्त्यावरून वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक गेले. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माडाच्या झावळ्यांवर हाच रंग बसायचा. अण्णा, माझे वडील, रोज याच गाडीतून खाणीच्या कार्यालयात जात. लोहखनिज म्हणजे लोहाचे ऑक्साइड आणि गंज म्हणजेही पाणी मुरलेले लोहाचे ऑक्साइडच. त्या ढिगातले किती खाणीतून आले आणि किती गाडीच्याच अंगाचे होते, हे कुणालाही वेगळे करून सांगता आले नसते. बराच वेळ मी तो ढीग झाडला नाही.

त्यानंतर आतली रबरी मॅट आणि तिच्याखालचा कुजका काथ्या ओढून काढला, तर खाली डांबराचा जाड थर. डिझेलमध्ये चिंधी भिजवून तो पुसत गेले आणि हा तुकडा वर आला.

तो मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून लिहून ठेवते. चारही कोपरे कात्रीने गोल केलेले आहेत आणि मग कानशीने घासलेले आहेत, एकाही कडेवर बोट फिरवले तर ओरखडा उठत नाही. चारी बाजूंनी अॅल्युमिनियमचे रिव्हेट आहेत आणि त्यांच्यातले अंतर अण्णांच्या खतावणीतल्या रकान्यांसारखे एकसारखे आहे. एका ठिकाणी मात्र भोक चुकलेले दिसते. ते डांबराने बुजवून शेजारी दुसरे पाडले आहे. छापील बाजू वर राहिली आहे. डांबर निघाल्यावर नारळाच्या चित्राचा थोडा भाग दिसला, आणि कडेला भरल्याचा महिना व वर्ष: ऑगस्ट २०१२.

माझ्या आठवणीतल्या अण्णांनी घरात कधी हत्यार हातात धरले नव्हते. नळ गळू लागला की प्लंबरला निरोप, फ्यूज उडाला की शेजारच्या मुलाला हाक. गाडीचे काही झाले की ती म्हापशाला जायची आणि बिल यायचे. या माणसाने रिव्हेटचे यंत्र कुणाकडून मागून आणले, ड्रिल कुठून मिळवले, आसन काढताना त्यांना कुणी मदत केली, हे मला ठाऊक नाही. वर्ष मात्र ठाऊक आहे. त्या सप्टेंबरात गोवा सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि बघता बघता तालुक्यातले ट्रक जागच्या जागी उभे राहिले. २०१४ च्या एप्रिलमध्ये बंदी उठली, २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. पण आमच्या घरापुरता प्रश्न पहिल्या वेळीच सुटला होता, ज्या अर्थाने तो सुटला त्या अर्थाने. मी तेव्हा पुण्यात होते. रोज रात्री फोन व्हायचा. जेवलीस का, पाऊस आहे का, इकडे सगळे ठीक आहे. माझी फी दर सहामाहीला वेळेवर जमा झाली, एक दिवसही मागेपुढे झाली नाही.

दुपारभर मला याच गोष्टीचा राग येत राहिला. राग म्हणण्यापेक्षा तो रुसवा असावा, आणि ज्यांच्यावर रुसायचे ते समोर नाहीत म्हणून तो कुठेच टेकत नव्हता. मला कुणी काही का सांगितले नाही? मी लहान नव्हते. या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट मला अशीच, ती होऊन गेल्यावर, कशाच्या तरी खालून का कळावी? अण्णांच्या दुखण्याचेही तसेच झाले, ते असो. मांगरात पालथ्या डब्यावर बसून मी स्वतःची इतकी कीव केली की संध्याकाळचा दिवाही आईलाच लावावा लागला.

दिवा लावून झाल्यावर मी आईला विचारले. तिने तुकड्याकडे पाहिले, वाकून हातही लावला नाही. म्हणाली, "त्या दिवसांत दुपारचे जेवून ते मांगरात जाऊन बसायचे. मी विचारलं नाही." थोडे थांबून पुन्हा म्हणाली, "माझे पाय भिजायचे पावसात. एकदाच बोलले होते मी."

म्हणजे आई एकदाच बोलली होती.

मेस्त्री सकाळी जे समजावत होते, ते तेव्हा माझ्या कानांवरून गेले होते. आता ते पुन्हा जुळवून पाहते. "हो पत्रो काडचोच पडटलो, बाय. हाच्या पोंदा उदक रावता." म्हणजे हा पत्रा काढावाच लागेल, याच्याखाली पाणी राहते. एकावर एक बसवलेल्या दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरले की ते वाळत नाही, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच आत खात जातो. डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो. कथील जोवर अखंड आहे तोवर ठीक. पण त्याला ओरखडा गेला की उघडे पडलेले लोखंड उलट लवकर गंजते. जस्ताचा मुलामा असता तर आधी जस्त झिजले असते आणि लोखंड वाचले असते. रिव्हेट अॅल्युमिनियमचे, म्हणून त्यांच्या टोप्यांभोवती पांढरी भुकटी साचली आहे. दोन निराळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की असे होतेच. शिवाय पाणी मुळात खालून येत नव्हते. ते पुढच्या काचेच्या वाळून तडकलेल्या रबरातून आत येऊन आईच्या पायांपाशी साचत होते, आणि बाहेर जाण्यासाठी तळाला ठेवलेले भोकही डांबराखाली बंद झाले. थोडक्यात, तुकड्याखालचा पत्रा आता कागदासारखा झाला आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकले तर आवाज खणखणीत येत नाही, थप असा येतो, आणि तो थप मागे आसनाच्या बोल्टपर्यंत ऐकू येतो.

उजवीकडे, चालकाच्या पायांखाली, अण्णांनी काहीच केलेले नाही. तिथे रुपयाएवढी दोन भोके उघडीच आहेत, वर नुसती मॅट. मॅट उचलली की खालची फरशी दिसते. त्या बाजूला पाणी आले तसे गेले, वारा लागत राहिला, आणि भोकांच्या कडा सोडल्या तर तो पत्रा अजून मजबूत आहे. तिथे एक लहान ठिगळ वेल्ड केले की भागेल, असे मेस्त्री म्हणतात.

हे कळल्यावर आधी मला फार वाईट वाटले, की ज्या बाजूची काळजी घेतली तीच बाजू गेली. पण आता रात्री, सगळे निजल्यावर, ते तसे वाटत नाही. तो तुकडा गाडी टिकवण्यासाठी बसवलेला नव्हताच. तो आईचे पाय कोरडे राहावेत म्हणून बसवलेला होता, आणि ती या गाडीत जितके पावसाळे बसली तितके तिचे पाय त्याने खालून उडणाऱ्या चिखलापासून वाचवले असणार. गाडीचे काय होईल हे पाहायला त्या महिन्यांत त्यांना उसंत तरी कुठे होती? आणि मला सांगितले नाही म्हणून मी जे धरून बसले होते, त्याचेही निम्मे ओझे उतरले आहे. ज्यांनी बायकोलाही सांगितले नाही, ते मुलीला फोनवर काय सांगणार होते? माझ्या वाट्याला फी आली, आईच्या वाट्याला पत्रा. दोन्ही वेळेवर आली.

उरलेल्या निम्म्याचे काय करायचे ते मला ठाऊक नाही. ते तसेच राहील असे दिसते.

तुकडा मात्र निघणार, हे नक्की झाले. १९८५ च्या या गाडीला सीटबेल्टचे पट्टे नव्हते आणि ते बसवल्याशिवाय मी आईला पुढे बसवणार नाही. पट्टा खांद्यावरून आणि मांडीवरून घेता येतो हे खरे, पण त्याची खालची टोके याच तळाला आणि याच दाराखालच्या पट्टीला बोल्टने धरायची असतात, बोल्टच्या पाठीमागे जाड पोलादी पट्टी घालून. सडक्या पत्र्यात बसवलेला पट्टा असून नसल्यासारखा. जोराचा हिसका बसला की पत्र्यासकट उपटून येतो. आईसाठीच करायचे तर तळ भक्कम हवा, आणि तळ भक्कम हवा तर खालचे सगळे कापून अठरा गेजचा नवा पत्रा घालायला हवा. पातळ पत्रा तापून वाकू नये म्हणून सलग ओढ न घेता मिग वेल्डिंगने थोडे थोडे टाके, मग सांध्यांवर सीलर, झिंकचा प्रायमर, पोकळ पट्ट्यांत मेणाचा फवारा आणि पाणी जाण्याची भोके उघडी. नव्या पत्र्याचे कोपरेही गोलच ठेवायचे आहेत. धारदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि पहिली चीर तिथूनच जाते, असे मेस्त्री मला मागे दार दुरुस्त करताना म्हणाले होते. अण्णांनी ते बहुधा आईच्या तळव्यांसाठी केले असावे. काही असो, केले बरोबर.

पुढच्या रविवारी ग्राइंडर लावण्याआधी रिव्हेट मी स्वतः ड्रिलने काढणार आहे, एकेक करून, म्हणजे तुकडा न फाटता निघेल. तो ठेवायचा की नाही, हे आई ठरवील.

पण त्याआधी काचेचे रबर यायला हवे, नाहीतर नवा पत्राही पहिल्याच पावसात भिजेल, आणि मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. या गाडीचे सुटे भाग आता इकडे मिळत नाहीत. कुर्ल्यात जुन्या सामानाच्या दुकानांत शोधावे लागते, आणि ते काम दादाकडे आहे. उद्या त्याला फोन करते. रबराचे आठवणीने सांगायचे आहे, डिस्क ब्रेकचे काय ते ठरवायचे आहे, आणि त्या ऑगस्टचेही बोलायचे आहे. तोही त्या वर्षी इथे नव्हता.