डीडवर दोन नावं होती

मंगळवारी सकाळी साडेनऊला टायटल कंपनीतून, म्हणजे घराची मालकी तपासून व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या कंपनीतून, फोन आला. लेकाला समर कॅम्पला सोडून मी गाडीतच बसले होते, एसी चालू ठेवून, आणि बारा हजार डॉलर कुठे कुठे लावायचे याचे मनातल्या मनात मांडे भाजणं चालू होतं. फोनवरच्या बाई म्हणाल्या की शेड्यूल सी मध्ये, म्हणजे व्यवहाराआधी निस्तरायच्या अडचणींच्या यादीत, एक गोष्ट आलीय, तुमच्या सेलरच्या मिस्टरांचं नाव डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, आहे, ते २०११ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही, कोर्टात काही झालेलं नाही. मी म्हटलं बरं मग, बायको आहे ना हयात. त्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मिस्टरांना पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत, हे तुम्हाला माहीत होतं का?

मला कुठून माहीत असणार. मी विचारलंच नव्हतं.

थोडं मागचं सांगते. आम्ही डॅलसजवळ राहतो, नवरा आयटीत, मी बरीच वर्षं एच फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, घरी. ग्रीन कार्ड आलं तसं ठरवलं की आता आपलं स्वतःचं काहीतरी करायचं, आणि यूट्यूबने मला होलसेलिंगच्या नादाला लावलं. म्हणजे घर विकत न घेता घराचं काँट्रॅक्ट विकायचं. आपल्याकडे जमिनीचे एजंट करतात तेच की, थोडा विसार देऊन जमीन धरून ठेवायची, मुदत संपायच्या आत दुसरं गिऱ्हाईक गाठायचं आणि खरेदीखत थेट त्याच्या नावावर करून द्यायचं, मधला फरक आपला. इथे त्या फरकाला असाइनमेंट फी म्हणतात एवढंच. टेक्सासात २०१७ पासून कायदा आहे की मी घर विकत नाहीये, घेण्याचा हक्क विकतेय, हे बायरला सांगायचं, नाहीतर ती विनालायसन्स दलाली होते. पैसे लागत नाहीत असं ते व्हिडिओवाले सांगतात ते मात्र खोटं. सात महिन्यांत पोस्टकार्डं, मालकांचे फोन नंबर शोधून देणारी सर्विस, पेट्रोल असं धरून माझे जवळजवळ तीन हजार गेले होते आणि हातात शून्य.

हे घर प्लेझंट ग्रोव्हमधलं. मी दुपारी त्या भागातनं गाडी फिरवायचे, गवत गुडघाभर वाढलेलं, मेलबॉक्स तुंबलेला, खिडकीला प्लायवूड ठोकलेलं अशी घरं हेरायची, काउंटीच्या साइटवर मालकाचं नाव बघायचं आणि कार्ड टाकायचं. या आजींनी कार्ड बघून स्वतःहून फोन केला. वय ७४, एकट्या, ह्यूस्टनला बहिणीकडे जायचं म्हणत होत्या. घर १९५० च्या दशकातलं, छप्पर गळतंय, आणि फाउंडेशन एका बाजूने बसलेलं. डॅलसची माती म्हणजे अगदी आपल्या सोलापूरकडची काळी रानं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगते, त्यामुळे इथे घराच्या भिंतीला तिरकी चीर दिसली की आधी पाया बघायचा, हे मला कुठल्या कोर्सने नाही, सासरच्या शेताने शिकवलं.

हिशोब असा होता. दुरुस्त करून घर साधारण २ लाख ४० हजारांना जाईल (टेक्सासात विक्रीच्या किमती सरकारदरबारी जाहीर नसतात, एका ओळखीच्या रिअल्टरच्या हातापाया पडून आकडे काढले), या धंद्यातल्या ठोकताळ्याने त्याचे ७० टक्के १ लाख ६८ हजार, त्यातून दुरुस्तीचे ५० वजा केले की १ लाख १८. मी आजींशी १ लाख ५ हजाराला काँट्रॅक्ट केलं, १०० डॉलर ऑप्शन फी दिली (ठरलेल्या दिवसांत माघार घेता यावी म्हणून), आणि घरं घेऊन दुरुस्त करून विकणारा एकजण १ लाख १७ ला तयार झाला. बारा हजार. क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या आणि पैशांची देवघेव, नऊ दिवसांवर.

आणि आता ही दोन मुलं.

टायटल कंपनीच्या वकिलाने समजावलं ते असं, घर लग्नानंतर घेतलेलं म्हणून दोघांचं अर्धं अर्धं, नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं या बायकोची नाहीत, तर त्याचा अर्धा हिस्सा मुलांकडे जातो. आजींना मरेपर्यंत त्या घरात राहायचा हक्क आहे, मुलं त्यांना बाहेर काढू शकत नाहीत, पण आजी एकट्या अख्खं घर विकूही शकत नाहीत. मुलांच्या सह्या हव्यात, शिवाय वारस कोण कोण हे सांगणारं अॅफिडेव्हिट हवं आणि त्यावर ज्यांचा काही संबंध नाही असे दोन साक्षीदार.

मला तिथे गाडीत बसल्या बसल्या शिरूरचं दुय्यम निबंधक कार्यालय आठवलं. मी सहावीत होते. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं लागली होती, बाबांनी त्यांना बोलावून हक्कसोड करून घेतलं, नंतर हॉटेलात जेवण आणि घरी आल्यावर एकेक साडी. बाबांनी काही वाईट केलं असं कुणालाच वाटलं नव्हतं, आत्यांनाही नाही, निदान त्या तसं बोलल्या नाहीत. धाकटी आत्या अंगठ्याची शाई पदराला पुसत बसली होती तेवढं माझ्या डोक्यात राहिलंय.

आजींना फोन केला तर त्या तडकल्याच. त्या पोरांचा या घराशी काहीएक संबंध नाही बेबी, बापाच्या फ्युनरलनंतर फोन नाही की काही नाही. पण मुलाचा नंबर त्यांच्याकडे होता. तो श्रीव्हपोर्टला राहतो, लुइझियानात, इथून तीन तास.

त्याच्याशी बोलताना मी पाठ केलेलं सगळं विसरले. नाव सांगितलं, काय झालंय ते सांगितलं, तुमचा आणि बहिणीचा पाव पाव हिस्सा निघतो हेही सांगितलं, आणि म्हटलं सही करायच्या आधी स्वतःचा वकील बघा कारण माझा यात स्वार्थ आहे. तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, तुला यात किती मिळणार?

मी बारा हजार म्हणाले.

तिला माहितीये?

नाही, म्हणजे काँट्रॅक्टवर लिहिलंय की मी हे दुसऱ्याला देऊ शकते, पण आकडा नाही.

आधी तिला सांग, मग मला फोन कर, आणि त्याने ठेवला.

खरं सांगायचं तर मी ठरवलं होतं की आकडा क्लोजिंगच्या कागदावर येईलच, तेव्हा बघू. कोर्समध्येही हेच शिकवतात, सेलर सही करायच्या घाईत असतो, तो ती ओळ बघत नाही.

दुपारी १०४ डिग्री फॅरनहाइटमध्ये आजींकडे गेले. किचनमध्ये बसवलं, गोडमिट्ट बर्फाचा चहा दिला. मी सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

म्हणजे तो माणूस एकशे सतरा देतोय.

हो मॅम.

मग मी त्यालाच का नको विकू?

विकू शकता, तो तुम्हाला माहीत असता तर. आता माहीत झालाय, काँट्रॅक्ट रद्द करायचं असेल तर मी आत्ता सही करते. हे मी म्हटलं खरं, पण पोटात गोळा आला होता, फार थोर वगैरे वाटून बोलले नाही, दुसरं काही सुचलंच नाही.

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या उद्या बोलू. दारापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू आधीच सांगायला हवं होतंस, आणि आता सांगायला नको होतंस. दोन्ही एका वाक्यात. मी ताट उचलून आत गेले.

सकाळी सातला आजींचा फोन. किती द्यावं लागेल त्या पोरांना?

पुढचं पटकन सांगते कारण ते नुसतं फोनवर फोन होतं. त्या अर्ध्या हिश्श्याचे हिशोबाने पन्नास हजारांच्या आसपास होत होते, पण आजींचा राहण्याचा हक्क असेपर्यंत ते पैसे मुलांच्या हातात येणारच नव्हते. शेवटी मुलं दहा-दहा हजारांवर तयार झाली. मुलगी आधी वीस म्हणत होती, भावाने तिला समजावलं. त्या वीसपैकी बारा आजींनी त्यांच्या रकमेतनं दिले आणि आठ मी माझ्या फीमधून. बायर एक पै वाढवायला तयार नव्हता, उलट उशीर झाला म्हणून कुरकुर. साक्षीदार आजींच्या चर्चमधल्या दोन बायका झाल्या, कागद वकिलाने केले, श्रीव्हपोर्टला नोटरी मुलाच्या घरी जाऊन सही घेऊन आला. क्लोजिंग अठरा दिवस पुढे गेलं.

क्लोजिंगला आजींनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. माझ्या नावापुढे चार हजार होते. त्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि पान उलटलं. जाताना मिठी वगैरे काही नाही, हात मिळवला आणि बहिणीच्या गाडीत बसल्या.

चारातून आधीचे तीन गेले, नवऱ्याने तासाला किती पडले ते काढून दाखवलं, मी ते ऐकलं नाही असं केलं.

पंधरा दिवसांनी श्रीव्हपोर्टच्या मुलाचा फोन. मला वाटलं चेक अडकला बहुतेक. तर म्हणे, माझी मावशी इथे जवळच मार्शलला असते, तिला घर काढायचंय, येशील का बघायला?

मी म्हटलं येते, पण आधी मला सांग, डीडवर नावं कोणाकोणाची आहेत?

तो फोनवर मोठ्यांदा हसला, आणि मग म्हणाला, थांब, बसून सांगायला लागेल.