एक जूनवाले

एक जून उजाडला की सकाळी सहापासून माझा फोन टुणटुणायला लागतो. आधी बँकेच्या शुभेच्छा, मग विमावाल्यांच्या, मग दहावीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर आम्ही ४१ जण आहोत आणि त्यांतले १७ जण एकाच दिवशी जन्मलेत. ॲडमिन हुशार आहे. केकचं एकच चित्र टाकतो आणि खाली लिहितो, 'सर्व संबंधितांस'.

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला यातली गंमत फोडून सांगावी लागत नाही. तरुण मंडळींसाठी सांगतो. साल १९७२. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, एका खोलीची शाळा. वडील मला हाताला धरून घेऊन गेले. गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकली. "बसतोय," गुरुजी म्हणाले. "जन्मतारीख?" वडिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पोरगं भूकंपाच्या आधीचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. गुरुजींनी शाळा सुरू व्हायचा महिना धरला, सालातून सहा वजा केले आणि जनरल रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६६. पुढच्या रकान्यात अक्षरी, 'एक जून एकोणीसशे सहासष्ट'. मग पुढचं पोर बोलावलं. त्या सकाळी गुरुजींनी अशी नऊ बाळंतपणं उरकली.

आईचा हिशेब वेगळा. "दोन श्रावण आल्यालं साल. दुसऱ्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. भांगलण चालली हुती." पुढे नोकरीत असताना एका भिक्षुकांकडे जुनं पंचांग मिळालं. १९६६ ला खरोखरच अधिक श्रावण होता, आणि त्यामुळे नागपंचमी ऑगस्टच्या उत्तरार्धात गेली होती. म्हणजे सरकारदरबारचा मी माझ्यापेक्षा पावणेतीन महिन्यांनी थोरला.

पेपरातलं 'आजचे दिनविशेष' मी न चुकता वाचतो, त्यातही माझ्या तारखेचं जरा हावरटपणानं. नर्गिस १ जूनची. मेरिलिन मन्रोही १ जूनची. दोघींच्या मधोमध मी, पाटण तालुका. नर्गिसचं साल १९२९, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच दिवशी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढच्याच वर्षी १ जूनला दख्खनची राणी धावली. दरसाल पुणे स्टेशनवर तिचे पासधारक सकाळी केक कापतात, इंजिनाला हार घालतात. आणि आपली एसटी! पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली ती १ जून १९४८ ला. गुरुजींनी आम्हाला सोबत काही वाईट दिली नाही. एक नटी, एक राणी आणि एक लाल डबा.

तारखा जुळल्या की लोकांना त्यात काहीतरी दिसायला लागतं. लोकमान्य टिळक आणि चंद्रशेखर आझाद, दोघंही २३ जुलैचे. लगेच कुणीतरी मान डोलावून म्हणतं, "बघा, दोघंही जहाल!" बरं, मग १२ डिसेंबरचं काय करायचं? शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे, दोघांची तारीख तीच, आणि राजकारण सदैव एकमेकांच्या समोरून. त्याच तारखेला रजनीकांत आणि युवराजसिंगही. यांना एका कुंडलीत बसवणारा ज्योतिषी भेटला तर मी त्याला माझ्या दोन्ही तारखा दाखवीन. अभिनव बिंद्रा आणि रणबीर कपूर तर दिवसासकट सालानंही जुळे, २८ सप्टेंबर १९८२. एकानं बीजिंगला नेम धरून सोनं आणलं, दुसरा कॅमेऱ्यासमोर रडतो, नाचतो. तारीख लताबाईंचीच, साल तेवढं १९२९. ज्या तारखेनं लताबाई दिल्या तिनं पुन्हा काही करून दाखवावं अशी अपेक्षाच करू नये.

वाईट वाटतं ते लालबहादूर शास्त्रींचं. २ ऑक्टोबरला शाळेत टेबलावर दोन फोटो ठेवायचे. हार गांधीजींना. शास्त्रीजींच्या चौकटीला वर एक झेंडूचं फूल खोचलेलं, तेही भाषण संपेपर्यंत घसरून खाली आलेलं असायचं. इतक्या साध्या माणसानं त्याबद्दल तक्रार केली नसती ही गोष्ट वेगळी.

गणितवाले सांगतात की कुठलेही २३ जण एकत्र आणले तर त्यांत दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. ऐकणारा थक्क होतो. मी झालो नाही. त्यांनी सगळ्या तारखांना सारखीच संधी असते असं धरलेलं असतं. आमचे गुरुजी त्यांना भेटले नव्हते. आमच्या कचेरीत २३ कशाला, सात जण चहाला उभे राहिले तरी दोन एक जूनवाले निघायचे. त्या मानानं जडेजा, बुमरा आणि श्रेयस अय्यर तिघंही ६ डिसेंबरचे, हा खरा योगायोग म्हणायचा. डिसेंबरात कुणी पोरगं शाळेत घालत नाही.

या तारखेचा फटका मात्र शेवटी बसतो. सरकारी नियम असा, की वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात भरतात त्याच्या शेवटच्या दिवशी घरी जायचं. पण ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीलाच जातो. म्हणजे मी ३१ मे २०२४ ला निवृत्त झालो. गुरुजींनी एकऐवजी दोन जून लिहिलं असतं तर ३० जूनपर्यंत खुर्चीत असतो. एका आकड्यापायी अख्खा महिन्याचा पगार! बायकोनं हा हिशेब मला निरोपसमारंभाच्या आदल्या रात्री करून दाखवला, आणि झोपली.

समारंभही सामुदायिकच. आम्ही पाच जण एका ओळीत, पाच शाली, पाच नारळ, हारवाल्यानं घाऊक भाव लावलेला. साहेब म्हणाले, "उद्या यांचा वाढदिवस आहे हे विशेष." पाचही जणांबद्दल त्यांनी हेच म्हटलं आणि दर वेळी टाळ्या पडल्या. बाजूला उभा असलेला आमचा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही पण एक जूनचेच ना?" साहेबांनी घड्याळात बघितलं. त्यांची अजून दोन वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी नातवानं केक आणला. आईनं बाजेवरूनच विचारलं, "कशाचा रं ह्यो?"

"माझा वाढदिवस, आई."

"तुजा कसला? गुरुजीचा त्यो." केक मात्र खाल्ला. ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मला ओवाळते, अजून.

मग नातवानं तिचं आधार कार्ड काढलं. आईला साल अंदाजे सांगता आलं होतं, दिवस-महिना कुठून सांगणार, म्हणून तिथे १ जानेवारी बसलेली. पोरानं मोबाइलवर शोधलं आणि ओरडला, "पणजी, नाना पाटेकरचा पण वाढदिवस एक जानेवारीलाच!"

आईनं बोटाला लागलेलं क्रीम चाटलं. "त्येला बी आधारवाल्यानंच लावली का तारीक?"