कोल्हापूर ते मिरज, गुड फ्रायडे ते ईस्टर

आम्हा ख्रिस्ती घरांत वारी नसते. पंढरीची दिंडी आम्ही रस्त्याकडेला उभं राहून पाहतो, वारकऱ्यांना पाणी देतो, ओळखीचं कोणी दिसलं तर चार पावलं बरोबरही चालतो. पण जेरुसलेमला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची पंधरा गीतं आमच्या शास्त्रात आहेत, स्तोत्र १२० ते १३४. ती मी लहानपणापासून चर्चच्या बाकावर बसून म्हटली. यंदा चालत म्हणायची होती. म्हणून गुड फ्रायडेची उपासना आटोपल्यावर मंडळीतले आम्ही काही जण कोल्हापुरातून मिरजेला निघालो. अंतर सुमारे ५० किलोमीटर. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला तिथं पोचायचं, एवढंच ठरलं होतं.

मिरजच का, असं आमच्यात कोणी विचारलं नाही. कोल्हापुरात मिशनचं काम वाइल्डर साहेबांनी १८५२ साली सुरू केलं, आणि डॉक्टर वानलेस यांचा दवाखाना मिरजेत १८९४ साली उभा राहिला. तेव्हापासून आमच्या कित्येक घरांत मोठं दुखणं आलं की पाय मिरजेकडं वळतात. आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशींचा जन्मच तिथला.

माझ्या चालण्याला मात्र आणखी एक कारण होतं. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिस. माझी किडनी द्यावी म्हणून तपासण्या केल्या, पण मला मधुमेह. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. मग ह्यांचं नाव पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत घातलं, आणि तेव्हापासून आम्ही वाट पाहतोय.

ही वाट पाहणं कसलं असतं, ते लिहिते. मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी त्याच्या घरच्यांनी दिली, रक्तगट जुळला, यादीत पाळी आली, तर फोन येणार. म्हणजे माझ्या घरी आनंदाचा फोन वाजेल तेव्हा कुठल्या तरी घरात आकांत चाललेला असेल. 'प्रभू, लवकर दे' असं मी तोंडानं म्हणू शकत नाही. म्हणायला गेले की शब्द घशात अडकतात. पाळकसाहेबांना एकदा हे सांगितलं, तर त्यांनी उपदेश केला नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढून दिला. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी, शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी, विनंती करतो. त्या ओळीवर मी कितीतरी दिवस नुसती टेकून राहिले आहे. माझी प्रार्थना म्हणजे तेवढं टेकणंच.

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या रस्त्याला लागलो. एमआयडीसीतली पाळी सुटली होती, ट्रक अंगावर येत होते. मध्येच सायरन वाजवत एक ॲम्ब्युलन्स गेली. ॲम्ब्युलन्स दिसली की माझ्या मनात काय येतं ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मावशींना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि हेर्ले येईपर्यंत सोडला नाही.

यंदा जोतिबाची चैत्र यात्रा आणि गुड फ्रायडे लागूनच आले होते. डोंगरावरून परतणारी माणसं त्याच रस्त्यानं चालली होती, केसांत-कपड्यांत गुलाल, खांद्यावर सासनकाठी. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं चाललायसा?"

"मिरजेला. चर्चला."

"पायी? नवस हाय व्हय?"

"आमच्यात नवस नसतोय, बाबा. मालक आजारी हाईत."

"मग मागितलं न्हवं देवाकडं?"

मला उत्तर देता येईना. तो थोडा वेळ तसाच बरोबर चालला, मग पाण्याची बाटली पुढं केली. "प्या. आमी बी म्हणतो देवाला."

पाणी. त्या प्रवासात मला सगळ्यात जड गेलं ते पाणी. ह्यांना दिवसाला पाणी मोजून. सकाळी तांब्या भरून ठेवायचा आणि त्यातूनच घोट घोट. शहाळं तर बंदच. आणि शनिवारच्या उन्हात हातकणंगल्याच्या पुढं मला जो तो थांबवून पाणी देत होता. रसवंतीवाल्यानं पैसे न घेता उसाचा रस देऊ केला. माझ्या मधुमेहानं तो चुकला. पाणी मात्र मी पोटभर प्याले आणि प्रत्येक पेल्याला घरातला तो तांब्या डोळ्यांपुढं येत होता. आदल्याच दिवशी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन झालं होतं. 'मला तहान लागली आहे' हा त्यातला पाचवा. इतकी वर्षं मी तो ऐकला, पण यंदा तो मला ह्यांच्या आवाजात ऐकू आला. ज्या देवाकडं मी ह्यांच्यासाठी जाते त्याची जीभही टाळ्याला चिकटली होती. त्याला ही तहान समजावून सांगावी लागत नाही.

येशूच्या मरणानंतरच्या त्या शनिवारबद्दल लूकच्या शुभवर्तमानात फार थोडं लिहिलंय. स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळला, एवढंच. उद्या प्रभू उठणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक असतं, म्हणून आम्ही त्यांचा शनिवार पटकन ओलांडून जातो. आमच्या घरात तो शनिवार बरीच वर्षं मुक्कामाला आहे.

रात्री जयसिंगपुरात टेकलो. पहाटे तीनला निघालो तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, चांदणं लख्ख होतं. अंकलीच्या पुलावर, खाली कृष्णा, मावशींनी मार्क शुभवर्तमानातला शेवटचा अध्याय तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. त्या बायका पहाटे येशूच्या कबरेकडं निघाल्यात आणि वाटेत एकमेकींना विचारतायत, आपल्यासाठी कबरेच्या तोंडावरची ती धोंड कोण लोटणार? धोंड फार मोठी होती. मी मावशींना थांबवलं आणि ते पुन्हा म्हणायला लावलं. उत्तर नव्हतं, तरी त्या निघाल्या होत्या. धोंड सरकेल अशी खात्री पटल्यावर निघू, असं त्यांच्यातली एकही म्हणाली नाही. मला माझ्या प्रश्नासकट चालायची मुभा आहे हे त्या पुलावर कळलं आणि मी मोठ्यानं रडले.

मिरजेत उपासना सुरू झालेली होती. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" चपला काढून मागच्या बाकावर बसले आणि पहिल्यांदाच मला एक प्रार्थना करता आली. जे घर कधीतरी आमच्यासाठी तो कठीण होकार देईल, आज ते जिथं असेल तिथं सुखात असू दे, त्यांची मुलंबाळं सुखरूप असू देत, आणि तो दिवस आलाच तर तू त्यांच्यापाशी अगोदर पोच. आमच्या फोनचं तू बघ.

ह्यांना फोन लावला. "ईस्टर मुबारक," म्हणाले, आणि लगेच, "पाणी नीट पीत होतीस ना?"

सोमवारी सकाळी डायलिसिसला गेलो. वजन केलं, सुया लागल्या. पलीकडच्या खाटेवर एक कॉलेजातला मुलगा असतो. त्याच्या आईनं माझ्या पायांवरचे फोड पाहिले आणि काय झालं म्हणून विचारलं. मशीन चार तास चालतं, तिला सगळं सांगून झालं.