हत्ती गेला, शेपूट राहिलं

व्हिडिओ गेम हा काही माझा प्रांत नाही. पण 'स्पेस इन्व्हेडर्स' समोर आला की हात शिवशिवतात. खाली आपली एकुलती एक तोफ, तिच्यापुढे चार आडोसे आणि वर परग्रहावरून आलेली ५५ जणांची फौज, ११-११ च्या ५ रांगांत. एका बाजूने चालत काठाला टेकले की पायरीभर खाली उतरायचं आणि उलट फिरायचं, एवढंच त्यांचं काम. ५४ जण लोळेपर्यंत माणूस बऱ्यापैकी शांत असतो. उरलेला एक मात्र असा पळत सुटतो की आपली पाचावर धारण बसते.

हा खेळ १९७८ सालचा, नाणं टाकून मशीनवर खेळायचा. जपानच्या ताइतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो जवळजवळ एकहाती केला. चित्रं त्यांची, प्रोग्राम त्यांचा, सर्किटसुद्धा त्यांनीच जुळवलेलं. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा 'ब्रेकआउट' हा खेळ आला होता. त्यात चेंडूने विटांची भिंत फोडायची. शेवटच्या विटेपर्यंत सगळं साफ करण्यातली मजा निशिकादोंना भावली होती. पण विटा बिचाऱ्या गप मार खातात. यांना हवे होते उलट गोळ्या झाडणारे.

मग शत्रू कोण? रणगाडे, विमानं असं सगळं करून बघितलं, पण विमानं पडद्यावर झोकात उडेनात. माणसं छान चालत होती, तर माणसांवर गोळ्या झाडायचा खेळ नको असं ठरलं. (आजचे गेम पाहता हा संकोच फारच जुन्या काळातला वाटतो.) शेवटी इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले ऑक्टोपससारखे मंगळवासी मदतीला आले. एकदा ऑक्टोपस आला म्हटल्यावर माकूळ आणि खेकडे यायला कितीसा वेळ? नीट बघितलंत तर ही परग्रहावरची स्वारी म्हणजे चक्क मासळीबाजार आहे.

आता त्या शेवटच्याकडे येऊ. मशीनमध्ये प्रोसेसर होता इंटेलचा ८०८०. ५५ जणांना एकदम हलवणं त्याला झेपणारं नव्हतं. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटतो आणि दर वेळी फक्त एकच गडी पाऊल टाकतो. सगळे हजर असताना प्रत्येकाची पाळी यायला जवळजवळ सेकंद जातो. म्हणून ती फौज कवायतीसारखी एका तालात हलत नाही, तिच्यातून एक लाट सरकत जाते. आपण एकेकाला टिपत गेलो की पाळी लवकर लवकर येऊ लागते. शेवटच्याला तर रांगच उरत नाही, सेकंदाची साठही पावलं त्याची एकट्याची! म्हणजे त्याचा वेग आपणच वाढवून ठेवलेला असतो.

दुसऱ्या कुणी हे मशीनचं वैगुण्य म्हणून दुरुस्त केलं असतं. निशिकादोंनी बघितलं की यानेच खेळाला धार येतेय, आणि तसंच राहू दिलं. वर जोडीला ते चार खर्जातले ठोके, धम् धम् धम् धम्. फौज रोडावते तसे तेही घाईला येतात आणि खेळणाऱ्याची छाती त्यांच्या लयीत धडधडायला लागते.

या खेळापायी जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, असं हमखास सांगितलं जातं. ती लोणकढी आहे. कॉफीच्या दुकानांत टेबलातच बसवलेली मशीनं आणि निव्वळ या एका खेळासाठी उघडलेली दुकानं मात्र खरी.

आणि निशिकादो? आपल्याला व्हिडिओ गेम अजिबात जमत नाहीत, असं त्यांनीच मुलाखतीत सांगून टाकलंय. स्वतःच्याच खेळातली पहिली फळी पार करताना त्यांच्या तोंडाला फेस येतो. आपल्यावर सोपवलं असतं तर हा खेळ बराच सोपा झाला असता, म्हणाले.