माझा अनुभव : सोलापुरात बसून बाकेनच्या तेलविहिरी मोजताना

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात बाकेन नावाचा तेलपट्टा आहे. तिथे कुणाला विहीर खोदायचं परमिट मिळालं, कुठे ड्रिलिंग सुरू झालं, कुठून तेल निघालं, याची वही, म्हणजे एक्सेलची फाईल, मी सोलापुरातून ठेवतो. विहिरीपाशी जायची गरज नाही, कारण तिथलं खनिज खातं कामाच्या प्रत्येक दिवशी 'डेली ॲक्टिव्हिटी रिपोर्ट' काढतं. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे हिवाळ्यात साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात साडेदहा तास असतं. म्हणून त्यांचा शुक्रवारचा रिपोर्ट आपल्या शनिवारी सकाळी उघडायचा. सोमवारी सकाळी नवीन काहीच नसतं. नवा माणूस तेव्हा हमखास घाबरतो, आपल्याकडूनच काही सुटलं म्हणून.

रिपोर्टात परमिट मिळालेल्या विहिरीचा फाईल नंबर, कंपनी, विहिरीचं नाव, जागा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि एपीआय नंबर, म्हणजे विहिरीचा ओळख क्रमांक, असतो. वहीची चावी, म्हणजे नोंद ओळखायची खूण, फाईल नंबरलाच करा. नावावर विसंबू नका, कंपनीच्या नावावर तर मुळीच नाही. २०२२ मध्ये व्हायटिंग आणि ओएसिस एकत्र येऊन कॉर्ड एनर्जी झाली, तेव्हा कंपनीच्या नावावर लावलेल्या वह्या एका फटक्यात विस्कटल्या. एपीआय नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, नॉर्थ डकोटाचे ३३. पुढचे तीन काउंटीचे : मॅकेन्झी ०५३, माउंट्रेल ०६१, विल्यम्स १०५, डन ०२५. काउंटीचं नाव आणि हे तीन आकडे जुळले नाहीत, तर टायपिंगची चूक तिथेच सापडते.

एक्सेल इथे दोनदा दगा देतं. चौदा आकडी एपीआय नंबर ते ३.३०५३१ई+१३ असा दाखवतं. तसाच सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाईलीत सेव्ह केला की मागचे आकडे कायमचे गेले, म्हणून तो कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा. दुसरं तारखांचं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यांचा ५/६ म्हणजे ६ मे, पण आपल्या कॉम्प्युटरला तो ५ जून वाटतो. १२ च्या पुढच्या तारखा त्याला कळत नाहीत म्हणून तशाच राहतात आणि पहिल्या बारा तारखा गुपचूप उलटतात. अर्धी वही बरोबर आणि अर्धी चूक असली, की चूक शोधणं सगळ्यात अवघड.

जागेचा पत्ता सेक्शन, टाउनशिप आणि रेंज असा येतो. आपल्या गट नंबरपेक्षा हे सोपं आहे. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. क्रमांक मात्र सरळ ओळीत जात नाहीत. ईशान्य कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग खाली उतरून ७ पासून पुन्हा पूर्वेकडे. औत तासाच्या टोकाला वळतं, तसं. हे ध्यानात आलं नाही तर ६ च्या खाली १२ आहे असं समजून विहीर पाच मैल लांब दाखवली जाते.

विहिरीला दोन टोकं असतात. साधारण १०,००० फूट खाली गेल्यावर ती आडवी वळते आणि पुढे तेवढीच लांब जाते. ड्रिलिंगसाठी जमीन बहुधा १,२८० एकरांची, म्हणजे दोन सेक्शन जोडून, नेमून दिलेली असते. नकाशावर नुसती तोंडं टाकली तर एकाच पॅडवर, म्हणजे विहिरी खोदायच्या एकाच सपाट जागेवर, पाच-सहा ठिपक्यांचा पुंजका दिसतो आणि तेल नेमकं कुठलं काढलं जातंय ते कळतच नाही. शेवटच्या टोकाची जागाही नोंदवा.

आता मुख्य मुद्दा : परमिट म्हणजे विहीर नव्हे. विहिरीच्या खर्चापुढे परमिटची फी म्हणजे किरकोळ, त्यामुळे कंपन्या लागतील त्याहून जास्त परमिटं काढून ठेवतात. नुसतं परमिट असेल तर स्थिती 'एलओसी', ड्रिलिंग चालू असेल तर 'डीआरएल', विहीर खोदली पण पूर्ण, म्हणजे तेल काढण्यासाठी तयार, केली नसेल तर 'एनसी', तेल चालू असेल तर 'ए'. 'पीएनसी' म्हणजे परमिट रद्द. मी प्रत्येक बदलाची तारीख वेगळ्या कॉलमात ठेवतो, जुनी स्थिती पुसत नाही. कारण या तारखांमधलं अंतर हीच खरी माहिती.

'स्पड', म्हणजे ड्रिलिंग सुरू झाल्याची तारीख, हीसुद्धा फसवी. बऱ्याचदा लहान रिग, म्हणजे खोदायचं यंत्र, येतं, गोड्या पाण्याच्या थराखालपर्यंत खोदून वरचं केसिंग, म्हणजे विहिरीचा पोलादी पाइप, बसवतं आणि तीन ते पाच दिवसांत निघून जातं. कंपनीने खात्याकडून ९० दिवसांपर्यंत काम थांबवायची परवानगी आधीच घेतलेली असते. मोठं रिग नंतर येतं. वहीत 'सुरू' आणि जागेवर शुकशुकाट, असं तेव्हा होतं.

त्यात गोपनीयता. कंपनीने मागितलं तर विहिरीची माहिती सहा महिन्यांपर्यंत झाकून ठेवतात. अशा विहिरीला शून्य लिहू नका, रकाना रिकामा ठेवा, नाहीतर सरासरी खाली येते.

रिगच्या संख्येवरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा मोह आवरा. २९ मे २०१२ रोजी नॉर्थ डकोटात २१८ रिग होते. २०१६ च्या मे महिन्यात ते ३० च्या आत आले, तरी उत्पादन रोज १० लाख बॅरलच्या वरच होतं. एका पॅडवर अनेक विहिरी, वेगवान ड्रिलिंग आणि आधी खोदून ठेवलेल्या 'एनसी' विहिरींचा साठा, हे सगळं रिगच्या आकड्यात दिसत नाही. महिन्याचे पक्के उत्पादन आकडे सुमारे दोन महिने उशिरा येतात. तोवर हाताशी असते ती विहीर पूर्ण झाल्यावरची पहिली चाचणी, आणि ती नेहमीच फुगलेली. पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून खाली घसरतं.

मार्च-एप्रिलमध्ये वहीत नव्या नोंदी कमी दिसल्या तर फाईल तपासत बसू नका. तिकडे बर्फ वितळून रस्ते मऊ झालेले असतात, जड ट्रकांवर वजनाची बंधनं लागतात, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडत असताना तिथलं रिग जागेवर अडकून पडलेलं असतं.