तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्मोक ऑन द वॉटर’ भारी आहे की नुसतं सोपं?

गिटार शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विद्यार्थी विचारतात, त्यांचे बाबा विचारतात (बाबा जास्त, कारण कॉलेजात त्यांनीही तेवढंच वाजवलेलं असतं) की सर, ते डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ खरंच एवढं भारी आहे का, की कोणालाही वाजवता येतं म्हणून फेमस झालं? क्लास चालू असताना मी ‘दोन्ही’ म्हणून पुढे जातो, पण सारखंच विचारताय तर एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी गाण्यात काय आहे ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे नशेबिशेचं गाणं असणार. तर तसं अजिबात नाहीये. तो चक्क एका आगीचा पंचनामा आहे. कुठे, कोण, काय जळालं, मग आम्ही कुठे गेलो, एवढंच. रॉकमध्ये इतके सरळसोट शब्द फार कमी गाण्यांत असतील.

झालं असं की डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी इंग्लंडहून स्वित्झर्लंडला, जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या माँत्रोला आली होती, नवा अल्बम करायला. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली रेकॉर्डिंगची यंत्रं, तो भाड्याने घेतलेला आणि रेकॉर्डिंग करायचं होतं तिथल्या कॅसिनोत. कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता, फक्त त्याआधी ४ तारखेला फ्रँक झप्पा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा शेवटचा कार्यक्रम बाकी होता. तो चालू असताना गर्दीतल्या कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे जहाजावरून मदत मागायला आकाशात सोडतात ना तो प्रकार, थेट छताकडे उडवली. छत पेटलं आणि बघता बघता अख्खी इमारत गेली, झप्पाचं सगळं सामान गेलं, पण नशिबाने जीव कोणाचा गेला नाही. माँत्रोचा जॅझ फेस्टिव्हल चालवणारा क्लॉड नोब्स आत-बाहेर धावत पोरांना बाहेर काढत होता, आणि गाण्यात जो ‘फंकी क्लॉड’ येतो तो हाच, काल्पनिक वगैरे नाही. बँडवाले नंतर हॉटेलातून बघत बसले होते, धूर डोंगरावरून आलेल्या वाऱ्याने सरोवरावर पसरत चाललेला. काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे पाण्यावरचा धूर, हे चार शब्द तोंडात घेऊनच. गंमत म्हणजे गायक इयन गिलनलासुद्धा पहिल्यांदा ते ड्रग्जचं गाणं वाटलं, त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं तर काही बिघडलं नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॅसिनो गेला म्हणून नोब्सने त्यांना पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री गिटार वाजवणाऱ्या रिची ब्लॅकमोरच्या एका रिफवर, म्हणजे परत परत येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, सगळे वाजवायला बसले आणि आवाज एवढा की आजूबाजूच्यांची झोप उडाली, तक्रारी गेल्या, पोलीस आले. हे लोक आत टेक घेतायत, म्हणजे गाणं एका दमात रेकॉर्ड करतायत, आणि त्यांची सामान उचलणारी माणसं दार आतून दाबून उभी, पोलीस बाहेरून ठोकतायत! तो टेक पूर्ण झाला, आज आपण ऐकतो ते हेच वाजवणं, फक्त तेव्हा त्याला ना शब्द होते ना धड नाव. त्यानंतर अर्थातच तिथून गाशा गुंडाळायला लागला. मग हिवाळ्यासाठी बंद पडलेलं, गारठलेलं ग्रँड हॉटेल मिळालं, कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून आवाज दाबला, आणि वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या असं करत एवढा वळसा की शेवटी त्यांनी जाऊन ऐकणंच सोडून दिलं. बाकीचा अल्बम तिथे झाला. शेवटी हिशोब केला तर रेकॉर्डला काही मिनिटं कमी भरत होती, म्हणून पॅव्हिलियनमधली ती टेप बाहेर काढली आणि आगीची हकीकत तिच्यावर बसवली.

म्हणजे जागा भरायला घातलेलं गाणं! मार्च १९७२ ला ‘मशीन हेड’ नावाने हा अल्बम आला तेव्हा बँडचा भरवसा ‘नेव्हर बिफोर’ नावाच्या दुसऱ्याच गाण्यावर होता, सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, म्हणून तेच काढलं, आज ते कोणाला आठवतं सांगा. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून यायला १९७३ उजाडलं, आणि मग ते तिथल्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

आता सोपं का, ते. गिटार हातात घेऊन दहा मिनिटं झालेला माणूस एका तारेवर ती रिफ वाजवू शकतो हे खरंय, पण ते ‘स्मोक’ नव्हे, त्याची बाह्यरेषा. पेटीवर बसवून बघा: सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र म आणि लगेच शुद्ध म. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात, आणि तिथेच त्याचा सगळा माज आहे. तो तीव्र मध्यम नुसता घासून जातो, थांबत नाही. आणि वर सा वाजतो तेव्हा खाली मंद्र पंचम वाजत असतो, म्हणजे प्रत्येक जागी दोन स्वर, एकमेकांपासून मध्यमाच्या अंतरावर. पोरं तिथे नेहमीची पॉवर कॉर्ड दाबतात, जी सा-प असते, आणि मग ते जाड, बसकं ऐकू येतं. ब्लॅकमोर पिकने मारतही नाही, दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचतो. शिवाय त्या आवाजातला अर्धा राक्षस गिटारचा नाहीच, बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गनचा आवाज गिटारच्या मार्शल ॲम्पमधून फाडून तीच ओळ वाजवतोय. माझं मत विचाराल तर लॉर्डशिवाय हे गाणं निम्मं आहे.

पुढे त्याचं काय काय झालं याला अंत नाही. आर्मेनियातल्या १९८८ च्या भूकंपानंतर मदतीसाठी गिलनसकट ब्रायन मे, डेव्हिड गिलमर, टोनी आयोमी, ब्रूस डिकिन्सन अशी रॉकमधली जंगी मंडळी जमली आणि नव्याने रेकॉर्ड करायला गाणं कुठलं निवडलं, तर हेच. माँत्रोत सरोवराकाठी त्या स्वरांचं शिल्पच उभारलंय, आणि कॅसिनोही १९७५ ला परत उभा राहिला. आपल्याकडे म्हणाल तर एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये वाजवून गेले, ब्लॅकमोरच्या जागी तेव्हा स्टीव्ह मॉर्स होता. ते रेकॉर्डिंग ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने बऱ्याच वर्षांनी अधिकृतपणे बाहेर आलंय, तेव्हा ‘मी होतो तिथे’ म्हणणाऱ्या काकालोकांनी आता त्यातल्या गर्दीच्या ओरडण्यात स्वतःचा आवाज शोधावा.

तर उत्तर अजूनही ‘दोन्ही’च आहे, पण आता कारण तुमच्याकडे आहे. पुढच्या क्लासला येताना स्टुडिओतलं नको, ऑगस्ट १९७२ चं जपानमधलं लाइव्ह ऐकून या. सुरुवातीला ब्लॅकमोर मुद्दाम रिफ वेडीवाकडी वाजवून लोकांची फिरकी घेतो, लोक टाळ्या धरतात, आणि मग तो खरी सुरू करतो. तिथून पुढे ड्रमर इयन पेसचा हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी) कुठे येतो, मग स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम), मग बास कधी शिरतो, एवढं मोजून या, गिटार नंतर उघडू.